तिसरं बटण

यंत्र आलं त्या सोमवारी
नारळ फुटला, पेढे आले, मालक येऊन गेले.
गयाबाईनं विचारलं, हे जेवतं का?
नदीम म्हणाला, वीज खातं मावशी, आणि फोटो.
किती?
जितके वाढाल तितके.

मग तीन महिने आम्ही त्याला भरवलं.
ओल्या कागदाची गुंडाळी उलगडायची,
सरकीचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळी,
चौथ्या दिवशी मोजायचे, बाराव्या दिवशी पुन्हा.
जालन्याच्या या खोलीत एकोणीस वर्षं
आमची बोटं हेच करत आलीत.
आता फक्त प्रत्येक अंकुराखाली
एक बटण दाबायचं:
चांगला. वाईट.

गयाबाई अकराव्या दाण्यावर थांबली.
मूळ होतं, पण वाकडं. दलं मिटलेली.
टोकाला बुरशी की नुसतं टरफल, कळेना.
"ह्याला काय म्हनू?"
नदीमनं पडद्याकडे पाहिलं. दोनच बटणं.
"काहीतरी एक म्हणा."
"काहीतरी म्हनायचं म्हनून
म्या माह्या सुनेलाबी नाव ठेवलं न्हाई, लेकरा."

सगळ्या हसलो. शहनाज तर ठसका लागेपर्यंत.
नदीम हसला नाही.
त्यानं खिशातल्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

खोटं कशाला बोलू,
मला यंत्र हवं होतं.
दुपारी चारनंतर तिसऱ्या शंभरीत
दाणे एकमेकांत मिसळतात,
मनगट सुजतं, चष्म्याचा नंबर
दरवर्षी पगारापेक्षा जास्त वाढतो.
कुणी म्हणालं हातकामाची गोडी,
तर त्याला आठवडाभर इथे बसवावं.

पण पुण्याहून आलेले साहेब म्हणाले,
शंभरात सत्त्याण्णव बरोबर येतं.
अहवाल यंत्र काढेल, खाली सही तुमची.
मी विचारलं, आणि उरलेले तीन?
ते म्हणाले, तेवढं चालतं.
मी म्हणाले, सही माझी आहे,
तर चालतं की नाही हे मी ठरवीन.
खोलीत पंख्याचा आवाज बराच वेळ होता.

पुढच्या आठवड्यात नदीम तिसरं बटण घेऊन आला.
पिवळं. खाली लिहिलेलं: शंका.
आणि ते फक्त आमच्यासाठी नव्हतं.
यंत्रालाही ते दाबता यायचं.
अडलं की पडद्यावर दाणा मोठा करून
ते गयाबाईची वाट बघायचं.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस वेळा अडलं.
दिवाळीपर्यंत दिवसाला सात-आठ.
गयाबाई चहाचा कप ठेवून उठायची,
बघायची, सांगायची, कधी म्हणायची,
"उद्या बघू, कागद ओला राहू दे."
उद्यासाठीही नदीमला एक खण करावा लागला.

पौषात एका सकाळी
दोनशे दाणे झाले, तीनशे झाले,
पिवळा दिवा एकदाही लागला नाही.
सगळे चांगले. सगळेच.
साहेबांचा फोन आला, अभिनंदन.
गयाबाई मात्र खुर्चीवरून उठली.
"आज येकदाबी इचारलं न्हाई.
बरं हाय ना त्याला?"

कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती.
आतल्या धुक्यात कुजकं मूळही पांढरं दिसत होतं.
तिनं पदरानं काच पुसली,
लेकराचं नाक पुसावं तशी, जरा रागानंच,
आणि म्हणाली, घे, पयल्यापासून मोज.

त्या लॉटची उगवण सत्तरवर आली.
पोती शिवली गेली नाहीत.

सहाजणी होतो, आता पाच आहोत.
मंदोदरी मार्चमध्ये घरी बसली,
तिच्या जागी कुणी घेतलं नाही.
कुणी काढलं नाही, असंही म्हणता येतं.
मी ते इथे लिहून ठेवते,
कारण अहवालात त्याला रकाना नाही.

रोज संध्याकाळी यंत्र आकडा देतं,
मी गुंडाळीतले दहा दाणे स्वतः उलगडते,
गयाबाईकडे बघते.
ती मान हलवते, किंवा नाही.
मग पेनाचं टोपण काढते.